तो घर की ते घर?

आपल्या गुणगौरव समारंभांतून गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते. बक्षिसे वाटून झाली, हार-तुरे झाले, की प्रमुख पाहुणे माईकपाशी येतात आणि सांगतात, "उर्दूने आपल्याला मागे ठेवले, मराठीने आपल्याला जवळ केले नाही, आता इंग्रजीशिवाय तरणोपाय नाही." टाळ्या पडतात. मग दुसरे पाहुणे उठतात आणि नेमके उलट बोलतात: इंग्रजी शिकलेला पोरगा दीनही विसरतो आणि घरही. त्यांनाही टाळ्या पडतात. वाजवणारे हात तेच असतात.

मला या दोन्ही पाहुण्यांशी भांडायचे आहे. आणि त्यांच्याशी भांडून झाले की थोडे आपल्या घरातही, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांशी आणि त्यांच्या संपादकांशी. कारण माझा अनुभव या तिघांच्याही गणितात बसत नाही. मी मराठीत लिहायला शिकलो तो इंग्रजीच्या तासाला. तोही कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, आणि जेमतेम चार महिन्यांत. हे विधान कुणाला विक्षिप्त वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले बागवान. घरात दखनी, गल्लीत आणि बाजारात मराठी, मक्तबमध्ये अरबीचा कायदा आणि थोडी उर्दू, शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी त्या काळी पाचवीपासून सुरू व्हायचे. (पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली.) चार भाषांच्या मध्ये वाढलेले मूल म्हटले की हल्ली लोक कौतुक करतात. आमचे कौतुक कुणी केले नाही. प्रत्येक भाषेच्या दारात एक राखणदार उभा होता आणि प्रत्येकाला आमच्या बोलण्यात काही तरी कमी दिसत होते. हैदराबादचे नातेवाईक आले की आमच्या दखनीला हसायचे, म्हणायचे, यह कौन सी उर्दू है. आणि मराठीच्या तासाला काय व्हायचे, ते तर मी कधीच विसरलो नाही.

चौथीत असताना 'माझे घर' हा निबंध लिहायचा होता. मी लिहिले, "आमचा घर जुना आहे. तो घर दगडाचा आहे." गुरुजींनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि म्हणाले, "ही मियाँची मराठी!" गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी मला पुढे स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवले, स्वतःच्या खिशातून फी भरली. पण त्या दिवसापासून मी घरावर निबंध लिहिला नाही. घरावरच काय, घरातल्या कुठल्याच गोष्टीवर लिहिले नाही.

आता जरा त्या चुकीकडे बघा. मराठीत तीन लिंगे आहेत. दखनीत आणि उर्दूत दोनच, नपुसकलिंग नाहीच. घर आमच्या तोंडात पुल्लिंगी, किताब स्त्रीलिंगी. म्हणून आमची मुले 'तो घर' म्हणतात, 'ती पुस्तक' म्हणतात, आणि चाय स्त्रीलिंगी असल्याने 'चहा पिली' म्हणतात. याला अडाणीपणा म्हणायचे की व्याकरण? मूल आपल्या भाषेचा नियम काटेकोर पाळते आहे, फक्त तो नियम दुसऱ्या भाषेच्या घरात चालत नाही. उलट बाजूने बघा. आमची दखनी 'मैंच', 'वहींच', 'नक्को' म्हणते. तो 'च' मराठीतून आलेला आहे. म्हणजे हैदराबादवाले ज्याला हसतात तो आमच्या उर्दूतला मराठी अंश, आणि गुरुजी ज्याला हसले तो आमच्या मराठीतला दखनी अंश. हसणारे दोन, हसे एकाचे. हे मला कळायला पंचवीस वर्षे लागली. चौथीत एवढेच कळले की माझी चूक ही नुसती चूक नाही, ती मुसलमानाची चूक आहे.

१९८३च्या जूनमध्ये मी बी.ए.च्या पहिल्या वर्गात बसलो. कंपल्सरी इंग्लिशचा तास सकाळी पहिला. वर्गात शंभरावर पोरे, त्यातली बहुतेक खेड्यातून एस.टी.ने येणारी. इंग्रजी म्हणजे नापास होण्याचा विषय हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे पुस्तकाआधी गाइड घेतले जाई. सर नवे होते, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले. त्यांनी पहिलाच निबंध दिला: 'अ व्हिजिट टू अ मार्केट'.

मी गाइडमधून उतरवला. त्यातल्या बाजारात रविवारी खूप गर्दी असते, हसऱ्या चेहऱ्याचे दुकानदार असतात, स्त्रिया रंगीबेरंगी पिशव्या घेऊन हिंडतात आणि लेखकाला शेवटी फार आनंद होतो. वही परत देताना सरांनी मला उभे केले. मला वाटले, आता वर्ग हसणार. त्यांनी एवढेच विचारले, "बागवान, आपला बाजार कोणत्या वारी भरतो?"

"शनिवारी, सर."

"मग तुझा रविवारी कसा भरला?"

मी गप्प. रोज पहाटे चारला अब्बांबरोबर मी ज्या बाजारात जात होतो, ज्या बाजाराच्या पैशावर माझी फी भरली होती, त्या बाजाराचा एक दाणाही माझ्या निबंधात नव्हता. मी लिहिलेल्या बाजारात मी कधी गेलोच नव्हतो. सरांनी वही हातात दिली आणि म्हणाले, "आज सकाळी काय बघितलंस ते दहा वाक्यांत लिहून आण. चुका मी मोजणार नाही."

रात्री बसलो. सातच वाक्ये झाली. त्यातले एक असे होते: "माय फादर टॉक विथ फिंगर अंडर रुमाल." व्याकरण तुम्हाला दिसतेच आहे. सरांनी ते दुरुस्त केले नाही. त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिले, बोटांनी बोलतात म्हणजे काय करतात?

म्हणजे असे, की फळबाजारात आडत्या आणि घेणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि किती बोटे दाबली यावरून भाव ठरतो. भोवती वीस माणसे उभी असतात, तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात, आणि सौदा रुमालाखाली होतो. ज्या शेतकऱ्याचा माल आहे तो शेजारीच उभा असतो. त्याला काही दिसत नाही. कायद्याने उघड लिलाव करायचा असतो, पण रुमाल कायद्यापेक्षा जुना होता. अब्बांचा चेहरा त्या वेळी कसा अगदी कोरा असायचा, ते मी शेकडो वेळा पाहिले होते. पाहिले होते हे मात्र मला त्या समासातल्या प्रश्नामुळे कळले.

दुसऱ्या खेपेस मी दोन पाने लिहिली. तिसऱ्या खेपेस शेतकरी आला. 'रुमाल'ला इंग्रजी शब्द कोणता, म्हणून मी अडलो. हँकरचिफ म्हणावे तर तो खिशातला, टॉवेल म्हणावे तर तो न्हाणीतला. सर म्हणाले, "रुमालच राहू दे. ज्याला अडेल तो विचारेल." लेखक म्हणून माझी जी काही वाढ झाली असेल ती या वाक्याच्या आधाराने झाली. पुढे पंचवीस वर्षे मीही कॉलेजात इंग्रजीच शिकवले, पुष्कळ ग्रंथ चाळले, पण याहून उपयोगी काही मला सापडले नाही.

आता प्रश्न असा की हे इंग्रजीच्याच तासाला का झाले? पहिले पाहुणे खूश होतील, बघा, इंग्रजीने तारले. तसे काही झालेले नाही. इंग्रजी ही काही आम्हाला मोकळे करायला आली नव्हती. मेकॉलेचे १८३५चे टिपण सगळ्यांना पाठ आहे. इंग्रजी साहित्य हा विषय खुद्द इंग्लंडच्या कॉलेजांत रुळण्याआधी हिंदुस्थानात शिकवला जात होता, आणि तो राज्य चालवायची सोय म्हणून, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे. तेव्हा त्या भाषेची आरती करायचे मला कारण नाही.

कारण वेगळेच होते. त्या वर्गात पाटलाचे पोरगे चुकत होते, कुलकर्ण्यांची मुलगी चुकत होती, मातंग वस्तीतला माझा मित्र चुकत होता आणि मीही चुकत होतो. इंग्रजी कुणाच्याच बापाची नव्हती. मराठीच्या तासाला माझी चूक मुसलमानाची होती. त्या तासाला ती फक्त चूक होती. आयुष्यात पहिल्यांदा मला चुकायला इतरांएवढीच जागा मिळाली. त्या जागेत मी घर उघडले.

पुढे शिकवायला लागल्यावर एका अमेरिकन बाईंचे पुस्तक हाती आले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० साली शहरातल्या शाळा उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना दार उघडले. गरीब वस्त्यांतली मुले, त्यांत काळी आणि पोर्तोरिकन मुले पुष्कळ, कॉलेजच्या पहिल्या इंग्रजीच्या वर्गात येऊन बसली. त्यांचे निबंध बघून अनेक प्राध्यापकांनी कपाळावर हात मारला: हे शिकण्याच्या लायकीचेच नाहीत. मीना शॉनेसी नावाच्या बाई तिथे शिकवत होत्या. त्यांनी असे सुमारे ४००० निबंध पुढ्यात घेतले आणि चुका मोजण्याऐवजी वाचल्या. १९७७ साली त्यांचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात एवढेच, की या चुकांना वळण आहे, तर्क आहे. मूल बुद्धीने कमी नाही, ते लिहिण्याच्या प्रांतात नवखे आहे, आणि नवखा माणूस स्वतःच्या नियमाने चालतो. ते वाचताना मला 'तो घर' आठवला. माझ्या सरांनी हे पुस्तक वाचले होते की नाही, मी कधी विचारले नाही. विचारायला ते राहिलेच नाहीत. दिवाळीनंतर त्यांची नेमणूक संपली. दुसऱ्या सत्राला जे आले त्यांनी प्रश्नोत्तरे सांगितली, आम्ही उतरवून घेतली, आणि वर्गाचा निकाल म्हणे सुधारला.

तेव्हा पहिल्या पाहुण्यांना माझा सवाल असा आहे. तुम्ही जे इंग्रजी आपल्या पोरांना देता आहात ते कुठल्या सत्राचे? दिवाळीआधीचे की नंतरचे? आपल्या संस्थांनी काढलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाऊन वह्या उघडून बघा. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेले, आणि चाळीस वह्यांत एकच निबंध, फळ्यावरून उतरवलेला. माझ्या पुतण्याची मुलगी अशाच शाळेत जाते. फाडफाड बोलते. घरात सगळ्यांना तिचा अभिमान आहे, मलाही आहे. तिची वही पाहिली. 'माय ग्रँडमदर'. आजी खूप प्रेमळ आहे, आजी मला रोज रात्री गोष्टी सांगते. तिची आजी, म्हणजे माझी भावजय, अर्धांगवायूने दोन वर्षे खाटेवर आहे आणि तिची वाचा गेलेली आहे. ही पोर रोज तिला चमच्याने खिमट भरवते. भरवताना आजी डोळ्यांनी काय सांगते ते फक्त या पोरीला कळते, आम्हाला कळत नाही. हे लिहिले असते तर? टीचरने लाल शाई मारली असती, कारण उत्तर फळ्यावरच्यासारखे नाही. या मुलीला इंग्रजी येते असे तुम्ही म्हणता. मी म्हणतो, तिच्याकडून तिची आजी काढून घेतली आहे. त्यासाठी आपण फी भरतो.

आणि आता तर गाइडचीही गरज उरलेली नाही. २०२२च्या अखेरीपासून मोबाइलमध्ये यंत्र आले आहे, विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात निबंध तयार, एकही चूक नाही. लोक हळहळतात की आता मुले लिहिणार नाहीत. लिहीत होती कधी? रविवारचा बाजार आम्ही हाताने उतरवत होतो, आता तो बोटाने उतरतो.

दुसऱ्या पाहुण्यांना फार उत्तर देण्याची गरज नाही. इंग्रजी शिकून पोरगा घर विसरतो म्हणतात. मला तर घर तिथेच आठवले. घर विसरायला इंग्रजी लागत नाही. घरावर लिहिलेले वाचून चारचौघांत हसले की पुरते.

राहता राहिलो आपण.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. आमच्यासारख्यांना तो केवढा आधार वाटला, हे त्या मांडवात बसलेल्यांनाच ठाऊक. मराठी ही आमची भाषा आहे, हे मोठ्याने बोलायला एक ठिकाण झाले. त्याच उमेदीत मी एक कथा लिहिली आणि एका नियतकालिकाला पाठवली. ती छापून आली. वाचताना मला ओळखू येईना. 'खाला'ची 'मावशी' झालेली, 'इंतकाल'चे 'निधन', 'दस्तरखान'ची 'सतरंजी'. एका पात्राच्या तोंडी मी मुद्दाम ठेवलेला 'तो घर' संपादकांनी दुरुस्त करून 'ते घर' केलेला. पत्र लिहून विचारले तर उत्तर आले, वाचक अडखळेल. सतरंजीवर दस्तरखान अंथरतात आणि दस्तरखानावर जेवण वाढतात, एवढे विचारले असते तरी चालले असते. आणि अडखळणारा वाचक कोण? तो ज्या कागदावर छापलेले वाचतो तो कागद, त्यावरची शाई, दुकान, बाजार, हिशेब, वकील, फिर्याद, जमीन, सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरीही एवढे उरले. तो रोज अडखळल्याशिवाय बोलतो, आणि खालाच्या दारात आला की त्याला ठेच लागते! ते संपादक परके नव्हते, हे इथे सांगणे भाग आहे. आपल्यातलेच होते. गुरुजींनी वर्गात मला हसले. त्यांनी मी हसे होऊ नये म्हणून आधीच पुसून टाकले. धाक तोच.

हा धाक आपल्या सबंध लेखनात भिनला आहे. शुद्धलेखनाची चूक दिसू नये, घरची चूक तर त्याहून दिसू नये. म्हणून आपण घरात शिरतच नाही, अंगणातून भाषण करतो. समाजाचे मागासलेपण, शिक्षणाचा प्रश्न, राज्यकर्त्यांचे दुर्लक्ष. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, महत्त्वाचा दस्तऐवज आहे, त्याने कितीतरी खोट्या समजुतींची तोंडे बंद केली. पण त्यानंतर आपल्या लेखांतून माणसे कमी आणि टक्के जास्त झाले. टक्केवारीत कुणाची खाला मरत नाही. हमीद दलवाईंच्या राजकारणाशी तुम्ही हवे तेवढे भांडा, मीही भांडलो आहे. पण १९६५ साली 'इंधन' लिहिताना ते कोकणातल्या एका गावात आणि एका घरात शिरले होते, अंगणात थांबले नव्हते. त्यांची मते नाकारताना आपण त्यांचे ते धाडसही नाकारले. हे आपल्याला स्वस्त पडले नाही.

माझे मागणे फार नाही. आपल्याकडे शिक्षक पुष्कळ आहेत, मराठीचे, उर्दूचे, इंग्रजीचे. वर्षातून एक निबंध असा घ्या की ज्याच्या चुका मोजायच्या नाहीत, समासात फक्त प्रश्न लिहायचा. मराठीच्या तासाला आधी घ्या, कारण दुखते तिथेच. आणि आपल्या अंकांच्या संपादकांनी नवोदितांचा मजकूर हाती घेतला की लाल पेन जरा लांब ठेवावे. व्याकरण शिकवू नये असे मी म्हणत नाही. मी पंचवीस वर्षे तेच शिकवून पोट भरले. 'ते घर' शिकवाच. पण 'तो घर' लिहिणारा त्या घरात राहतो, एवढे लक्षात ठेवून शिकवा.

एक सांगायचे राहिले. त्या रुमालाच्या निबंधाला सरांनी चांगला शेरा दिला, तेव्हा मी वही घेऊन अब्बांकडे गेलो. अब्बांना वाचता येत नव्हते. मी एकेक वाक्य दखनीत करून सांगितले. शेतकरी शेजारी उभा असतो आणि त्याला काही दिसत नाही, इथपर्यंत आलो तेव्हा ते सीताफळाच्या पाट्या लावता लावता थांबले.

"ये तू लिख्या?"

"हौ."

"कॉलेज में सब पढे?"

"सिर्फ सरने पढे."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आडत्याकू मालूम पड्या तो कल से माल कोन देगा रे? फाड दे वो पन्ना."

मी फाडले नाही. आतल्या खोलीत फडताळाच्या मागे वही लपवली. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही नेहमीसारखे बाजारात गेलो. अब्बांनी आडत्याचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सौदा करताना त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.